साधी की भरलेली

९ फेब्रुवारी, सोमवार

साडूभाऊ,

निदान नमस्कारापुरते तरी आपले संबंध शिल्लक आहेत असं धरून नमस्कार.

हे पत्र म्हणजे तक्रारअर्ज आहे, तेव्हा चष्मा लावून, गंभीर चेहऱ्याने वाचावं. अर्जदार, वय एकावन्न, धंदा पंखे-मिक्सर-इस्त्र्यांच्या खोक्यात येणारी आणि कोणीही न वाचणारी माहितीपत्रकं लिहिणं, हा गेले एकोणीस दिवस एका आवाजाने पिडलेला आहे. आवाज माझ्या गाडीत येतो. 'टिक्'. मग गप्प. आपण सुटलो म्हणून खांदे सैल सोडावेत, की पुन्हा 'टिक्'. डावीकडे वळलं की येतो. उजवीकडे वळलं की येत नाही. सरळ रस्त्यावर त्याच्या मर्जीप्रमाणे. गाडी धुवायला दिली होती त्या दिवसापासून हे सुरू आहे.

मी दारांचे कप्पे रिकामे केले. डिकीतलं जादा चाक काढून घरात आणून ठेवलं. शेवटी तुमच्या धाकट्या मेहुणीला मागच्या सीटवर बसवलं आणि म्हटलं, कान देऊन ऐक, कुठून येतो. आपल्या ह्या दोन दारांच्या कूपेची मागची सीट कंपनीने कुठल्या प्राण्यासाठी बनवली आहे हे तुम्हाला माहीत आहे. कानाजवळ गुडघे घेऊन ती चार चौक बसली आणि म्हणाली, "येतोय आवाज. माझ्याच गुडघ्यांचा येतोय. उतरव मला." शोरूमच्या माणसाने बॉनेटवर दोन थापा मारल्या आणि निकाल दिला, "साहेब, गाडी आहे, आवाज करणारच."

हा आवाज ओळखू शकेल असा एकच माणूस माझ्या ओळखीत आहे आणि तो माझा फोन उचलत नाही. म्हणून पत्र. पत्र उचलावं लागत नाही, ते आपणच दाराच्या फटीतून आत येतं.

काल दुसरा रविवार होता. नेहमीप्रमाणे आपली मंडळी पार्किंगच्या गच्चीवर जमली. आपल्या सहापैकी पाच कूपे रांगेत आणि तुमच्या जागी एक नवा सभासद, बिचारा उत्साहाने येऊन पस्तावलेला. आपले दातांचे डॉक्टर त्याला मॉडेलं समजावत होते. "साधी, मधली आणि भरलेली. इंजिन तिन्हीला तेच. मधलीला रुंद चाकं आणि लाल शिलाईच्या सीटा. भरलेलीला ते सगळं, शिवाय डॅशबोर्डात एक स्पीकर. तो इंजिनाच्या आवाजात आपला आवाज मिसळतो, म्हणजे गाडी गुरगुरल्यासारखी वाटते." नवा म्हणाला, "म्हणजे खोटा आवाज?" डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले, कारण आपल्यात भरलेली एकट्या माझ्याकडे आहे. मी नेहमीचं भाषण केलं. नाटकात पावसाचा आवाज पत्र्यावर वाटाणे ओतून काढतात म्हणून प्रेक्षक काय पैसे परत मागतात का, वगैरे. पूर्वी ह्या वाक्यावर तुम्ही म्हणायचात, "लेखक, वाटाणे तुम्ही ओता, मी पावसात उभा राहतो." काल कोणीच काही म्हणालं नाही. भाषण पडलं.

सप्टेंबरबद्दल मी काही लिहिणार नाही. तुमचा गिअर नॉब माझ्या टेबलावर आहे. कागदांवर वजन म्हणून ठेवतो, पण तो गोल असल्यामुळे घरंगळतो आणि कागद उडायचे ते उडतातच.

टिक्-टिकीचं तेवढं कळवा.

आपला,
लेखक


२३ फेब्रुवारी, सोमवार

साडूभाऊ,

उत्तर आलं नाही. अर्ज दप्तरी दाखल झाला असं समजतो.

पण उत्तराऐवजी दुसरंच काही आलं. काल ताईंचा फोन होता. दोघी बहिणी नेहमी तासभर बोलतात आणि शेवटी 'बाकी काही विशेष नाही' म्हणून ठेवतात. काल आमच्या घरातली बहीण दहा मिनिटांतच गप्प झाली. नुसतं "हो का", "कधीपासून", "आणि हे तू मला आत्ता सांगतेस?" फोन ठेवून ती माझ्या टेबलाशी आली, तुमचा नॉब उचलला, हातात फिरवला आणि म्हणाली, "भाऊजी ऑक्टोबरपासून स्टोअरमध्ये बसतात. वॉशरची खोकी मोजतात."

मी म्हटलं, बढती असेल.

"त्यांनी स्वतः लिहून दिलंय. माझ्या कानांच्या भरवशावर माल बाहेर पाठवू नये, असं. सहा महिन्यांची मुदत आहे. एकतीस मार्चला सही केली की कायमचं स्टोअर. त्यांच्या जागी लाल-हिरवा दिवा लागणारं यंत्र बसवणार आहेत."

बावीस वर्षं. तयार झालेला प्रत्येक पंप एक मिनिट चालवायचा, स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगाला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटून सांगायचं: बेअरिंग बरं आहे, की महिन्याभरात जाईल. तुमच्या कारखान्यात आलो होतो तेव्हा मी ते पाहिलंय. आपण काही तरी विनोद करावा म्हणून मी तोंड उघडलं होतं, आणि तुम्ही डोळे न उघडता हात वर केला होता. गप्प बसा, असा. माझ्या आयुष्यात मला हाताने गप्प बसवणारे दोघेच, तुम्ही आणि माझी आई.

ताई म्हणाल्या म्हणे, गाडीवरचं कव्हर सप्टेंबरपासून निघालेलं नाही. कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर तुमचं एकच उत्तर, "तपासून झालेत. सगळ्यांसमोर."

साडूभाऊ, एका कानपरीक्षेने काय होतं? आपला पोरखेळच तो. डोळ्यांवर मफलर बांधून मागच्या सीटवर बसायचं, पुढे कोणीतरी गाडी चालू करायची, आणि कोणाची गाडी ते ओळखायचं. जो हरेल त्याने आपला गिअर नॉब काढून द्यायचा. चार वर्षांत तुम्ही एकदा चुकलात. एकदा! डॉक्टर दर वेळी चुकतात आणि तरी लोकांचे दात काढतात. त्या दिवशी वारा होता, खाली रस्त्यावर काम चालू होतं. तुम्ही माझ्या गाडीत बसून म्हणालात, "ही आपल्यातली नाही. साधी आहे, स्पीकर नाही. पण माझी नाही. ह्या गाडीत मी कधी बसलेलोच नाही." ज्या गाडीत तुम्ही पन्नास वेळा बसलात तिच्याबद्दल. हसू येणारच ना लोकांना? मीही हसलो. मग आपल्या मंडळाच्या पत्रकात ते 'निरोप समारंभ, एका कानाचा' लिहिलं, ते थोडं जास्त झालं असेल. तो शेवटचा परिच्छेद, उद्या हे कुकरच्या शिट्टीला इंजिन म्हणतील, तो नको होता. पण मला कागद दिला की मी भरतो, हे तुम्हाला ठाऊक आहे.

धाकटीने मला विचारलं, "तू नक्की काय केलंस?" मी म्हटलं, काय करणार, हसलो.

असो. टिक्-टिकीचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ताईंकडे पाठवतोय. चहा पिता पिता त्या सहज लावतील. तुम्ही ऐकूच नका. नुसते त्या खोलीत बसा.

आपला,
लेखक


७ मार्च, शनिवार

साडूभाऊ,

तुमचा निरोप परवा पोचला. ताईंनी तो तुमच्या शब्दांत सांगितला, असं धाकटीचं म्हणणं, आणि शब्द ऐकल्यावर माझीही खात्री पटली:

"हँडब्रेकच्या खालची पोकळी. धातू नाही, प्लास्टिक. नखाएवढं. त्याला दोन पाय आहेत, पायांवर पडलं की आवाज वेगळा येतो, पाठीवर पडलं की वेगळा. आणि लेखकाला सांग, मी कानाची कामं सोडली."

मी हँडब्रेकचं आवरण उघडलं. तीन स्क्रू, त्यातला एक माझ्याकडून हरवला. आत पोकळीत एक पेन्सिलीचा तुकडा, एक शर्टाचं बटण, आणि एक फ्यूज. प्लास्टिकचा, नखाएवढा, दोन पायांचा.

हा फ्यूज कसला आहे हे मला माहीत आहे. तो तिथे कसा आला हेही. आता ही गोष्ट मी माहितीपत्रकासारखी लिहितो, कारण तसं लिहिताना मला लाज कमी वाटते.

मागच्या वर्षी जुलैमध्ये मी तुमच्याकडे आलो होतो. परत निघताना माझ्या गाडीची बॅटरी बसली आणि मी तुमची साधी घेऊन आलो. दोन तासांचा रस्ता. पहिला अर्धा तास मी नाकं मुरडली. मग चढ लागला. तिसऱ्या गिअरमध्ये ती गाडी जे काही बोलली ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ओरडली नाही, गुरगुरली नाही. माणूस काम करताना जसा स्वतःशी बोलतो, तशी बोलत होती. घाट संपल्यावर मी वळून परत खाली गेलो आणि पुन्हा वर आलो. दोनदा.

त्यानंतर माझी गाडी मला सोसेना. दर वेळी वाटायचं, कोणीतरी शेजारी बसून इंजिनाची नक्कल करतंय. ऑगस्टच्या शेवटी एका दुपारी मी स्पीकरचा फ्यूज उपटला आणि हँडब्रेकजवळच्या सुट्ट्या नाण्यांच्या खाचेत टाकला. स्पीकर गप्प. माझी भरलेली, वर दीड पट किंमत मोजलेली गाडी तेव्हापासून साधीसारखी बोलायला लागली. मी एकटा असलो की काच खाली करून ऐकायचो. आणि रविवारी गच्चीवर उभा राहून स्पीकरची बाजू मांडायचो, वाटाण्यांसकट. चार वर्षं भांडून आता तुमचं बरोबर होतं असं म्हणायचं? माझ्या तोंडाला ती सवय नाही.

सप्टेंबरच्या त्या रविवारी फ्यूज लावायचा राहिला. विसरलो, साडूभाऊ, एवढं खरं माना. तुम्ही मफलर बांधून बसलात, मी चावी फिरवली, आणि तुम्ही म्हणालात, साधी आहे, स्पीकर नाही, ह्या गाडीत मी कधी बसलेलो नाही.

शब्दन् शब्द बरोबर होता. त्या गाडीत तुम्ही खरंच कधी बसला नव्हतात. तिचा तो आवाज माझ्याशिवाय जगात कोणी ऐकला नव्हता आणि तुम्ही तो पहिल्या फटक्यात वेगळा काढलात.

मला त्याच क्षणी कळलं. लोक हसायला लागले आणि माझ्याकडे, मोजून सांगतो, दोन श्वासांचा वेळ होता. त्यात मी ठरवलं आणि हसलो. तुम्ही मफलर सोडलात, गाडी पाहिलीत, मग माझ्याकडे पाहिलंत. तुम्हाला वाटलं असेल, हा हसतोय म्हणजे आपलंच चुकलं. मी खोटं बोलेन असं तुमच्या मनातही आलं नाही. त्यापेक्षा स्वतःच्या कानावर अविश्वास दाखवणं तुम्हाला सोपं गेलं.

तुम्ही नॉब काढून माझ्या हातात दिलात आणि निघून गेलात. त्याच संध्याकाळी मी फ्यूजच्या डब्याच्या झाकणातला जादा फ्यूज त्या जागी बसवला, म्हणजे कोणी तपासलं तर स्पीकर चालू. आणि मग ते पत्रक लिहिलं. ते इतकं धारदार का झालं हे आता तुमच्या लक्षात येईल. काढलेला फ्यूज नाण्यांच्या खाचेत पडून राहिला तो राहिलाच, आणि गाडी धुणाऱ्याने हवेचा पाइप मारला तेव्हा फटीतून आत गेला.

तुमचे कान शाबूत आहेत. शंभर किलोमीटरवरून, मोबाइलच्या रेकॉर्डिंगवर, चहाच्या कपांच्या आवाजात तुम्ही फ्यूजचे पाय मोजलेत. एकतीस तारखेच्या कागदावर सही करू नका. माफीबिफी नंतर बघू, ती देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. सही करू नका.

हे पत्र धाकटीला वाचायला दिलं. तिने चपला घातल्या आणि स्वतः जाऊन पोस्टात टाकून येते म्हणाली. माझ्यावर विश्वास नसावा.

लेखक


८ मार्च, रविवार, संध्याकाळ

साडूभाऊ,

कालचं पत्र अजून वाटेत असेल, आज दुसरं.

आज सकाळी गच्चीवर सगळे जमल्यावर मी म्हटलं, कानपरीक्षा घ्यायची. डॉक्टरांना मफलर बांधला, माझ्या गाडीत मागे बसवलं, टायरच्या दुकानवाल्या काकूंना पुढे माझ्या शेजारी. फ्यूज काढलेला. चावी फिरवली. डॉक्टर म्हणाले, "साधी! नवीन सभासदाची!" मफलर सोडला. लाल शिलाई पाहून म्हणाले, "हे कसं काय?"

मग सांगितलं. सगळं, घाटापासून. पत्रात लिहिताना बरं वाटलं होतं, तोंडाने सांगताना तसं काही वाटलं नाही. चार गाड्यांच्या मधे उभं राहून एकावन्न वर्षांचा माणूस नखाएवढा फ्यूज हातात धरून दाखवतो, हे दृश्य दुसऱ्या कोणाचं असतं तर त्याच्यावर मी दोन पानं लिहिली असती.

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे आम्ही सहा महिने त्याला हसलो ते…" आणि थांबले. नवा सभासद आपल्या बुटांकडे बघत होता. त्याने पुढच्या महिन्याची वर्गणी भरलेली आहे, नाहीतर तो निघून गेला असता.

टायरवाल्या काकूंनी मात्र माझ्या हातातून फ्यूज घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि म्हणाल्या, "त्या दिवशी पण मीच पुढे तुझ्या शेजारी बसले होते. मला वाटलं होतं, आज ही गुरगुरत नाही म्हणून. मग म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं, मी टायरवाली. सगळे हसतायत तर हसावं." मग माझ्याकडे वळून, "तुला निदान खोटं बोलायचं कारण तरी होतं रे. माझ्याकडे तर तेही नव्हतं."

पत्रकातला तो मजकूर पुढच्या अंकात मागे घेतोय. मथळा काय द्यावा ह्यावर डॉक्टरांनी सात सूचना केल्या, सगळ्या दातांवरच्या. मी म्हटलं मथळा नको, नुसतं काय झालं ते छापू. मला लिहायला चार ओळी पुरल्या. इतकं छोटं मी इस्त्रीबद्दलसुद्धा लिहिलेलं नाही.

एक कागद काकूंनी तुमच्या कारखान्याच्या मॅनेजरसाठी लिहिला, त्यावर आम्ही सहा जणांनी सह्या केल्यात. तो ह्यासोबत पाठवतोय, तुमच्याकडे. तुम्ही तो मॅनेजरला दिलात तर दिलात. तुम्हाला न विचारता तुमच्या वतीने बोलायचं मी आता सोडलंय.

लेखक


३० मार्च, सोमवार

साडूभाऊ,

तुमचं उत्तर नाही, आणि ते मी मागतही नाही.

ताईंनी काल सांगितलं ते इतकंच. बुधवारी तुम्ही वॉशरचं खोकं घेऊन खाली कारखान्यात गेलात. पोचवून परत यायचं होतं. तिसऱ्या बाकावरच्या पंपाजवळ थांबलात. फिटरच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर न विचारता काढलात, पंपाला लावलात, डोळे मिटलेत. तो काहीतरी बोलायला लागला तर हात वर केलात. मग म्हणालात, "उघड." त्याने उघडला. आत काय निघालं हे तुम्ही घरी सांगितलं नाहीत. पण संध्याकाळी गाडीवरचं कव्हर काढून ते दोरीवर वाळत घातलंत, असं ताई म्हणाल्या. मी धाकटीला विचारलं, कव्हर ओलं होतं का? ती म्हणाली, "तुझा प्रश्न काय आहे नक्की?"

मॅनेजरला तो सह्यांचा कागद दिलात की नाही हे ताईंनाही माहीत नाही. एकतीस तारीख उद्यावर आली. मी त्याबद्दल आणखी काही लिहीत नाही.

टिक्-टिक थांबली. त्याऐवजी हँडब्रेकचं आवरण खडखडतं, तो हरवलेला तिसरा स्क्रू. त्याबद्दल तक्रार नाही.

ह्याबरोबर एक पुडकं आहे. आत दोन गिअर नॉब आहेत. घासून पॉलिश गेलेला काळा तुमचा. चांदीच्या रंगाचा, वर आकडे कोरलेला माझा; परीक्षा तुम्ही जिंकली होतीत. फ्यूज काळ्याच्या पोकळीत टाकून तोंडाला कागद चिकटवलाय, हलवून पाहाल तर ऐकू येईल. तो पाठवायचा नियम नाही, पण माझ्याकडे राहू नये असं वाटलं. झाकणातला दुसरा फ्यूज काकूंच्या ताब्यात आहे.

पुडकं घेऊन पोस्टापर्यंत गाडीनेच आलो. नॉब काढल्यावर दांड्याचं उघडं टोक राहतं, आटे असलेलं, तळहाताला टोचतं. दुसरा टाकताना टोचतं, तिसरा टाकताना थोडं कमी. वाटेत काच खाली होती. पोस्टाचं फाटक ओलांडून मी एक फेरी जास्तच मारली, मग आत आलो.

काउंटरवरच्या बाईंनी वजन केलं आणि विचारलं, पोचपावती हवी का. नको म्हटलं. हे पत्र इथल्याच बाकावर बसून लिहितोय, आता पुडक्याला चिकटवतो.

लेखक